पॉइंट तीन

लोटन बोरसेंची तक्रार साधी होती:
साडेअकराला लाइट जाते,
दोन वर्षांची बॅटरी, पहाट तर काढायला हवी,
आणि तीनच्या ठोक्याला पंखे मान टाकतात.
पारोळ्यात मे महिन्यात पहाटे तीनला
थांबलेल्या पंख्याखाली जो झोपलाय
त्यालाच विचारावं बाकीचं.

मी बॅटरीची सहाही झाकणं उघडली.
पाणी तळाला. टर्मिनलवर पांढरट हिरवी बुरशी,
उकळत्या पाण्याने धुतली, व्हॅसलीन लावलं.
डिस्टिल्ड वॉटर ओतताना बॅटरी आवाज करते,
उन्हातून आलेल्या माणसाच्या घशासारखा.
लाल काटे तरंगत वर आले.

मग मेन पाडला.
घर इन्व्हर्टरवर गेलं, बारीक घुमू लागलं.
हॉलचा पंखा बंद केला. आतला बंद केला.
स्वयंपाकघरातला बल्ब, वायफायचा डबा, देवघरातला झिरो,
एकूण एक खटका खाली.
वायरभोवती चिमटा मीटर लावला.
पॉइंट तीन.

काहीच चालू नाही, आणि पॉइंट तीन जातायत.
एक पंखा.
या घरात नसलेला एक पंखा.

वायर शोधत जिन्याशी आलो
तर कोकिळाबाई ताटात मिरच्या निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या,
“वर नका जाऊ भाऊ, गच्ची तापेल शे, पाय भाजतीन.”

पाय भाजले.
पाण्याच्या टाकीमागून एक काळी वायर
वाटणीच्या भिंतीवर चढली होती
आणि पलीकडे, आत्माराम बोरसेंच्या घरात,
कोपऱ्यातल्या खोलीच्या झरोक्यातून आत शिरली होती.
त्या खोलीत दोघांची आई असते.
चार वर्षं झाली, दोघा भावांचं बोलणं नाही,
बांधावरून सुरू झालं, नळाच्या पाळीवर आलं,
मग लग्नाच्या पत्रिकाही पोस्टाने.
आणि लाइट गेल्यावर अख्खं घर अंधारात असताना
त्या एका खोलीत पंखा फिरतो
त्याला तिकडे कुणी विचारत नसेल का,
बाबा रे, तू कुणाचा?

भिंतीवर मधोमध सांधा होता.
आत लाल टेप, ओबडधोबड गुंडाळलेला, नवख्याच्या हातचा.
त्यावर दुधाची रिकामी पिशवी,
आणि पिशवीवर साडीच्या काठाची चिंधी,
तीन गाठी, नीट, एकीशेजारी एक.

खाली आलो.
“काय निंघनं?” लोटनभाऊंनी विचारलं.
मिरच्यांच्या ताटातला आवाज थांबला.
मी म्हटलं, उन्हाळा आहे भाऊ,
बॅटरीलाही ऊन लागतं.
ताटातला आवाज परत सुरू झाला.

मी मोटारसायकलला किक मारत होतो
तेव्हा ते फाटकापर्यंत आले,
इकडेतिकडे पाहिलं,
खिशातले पैसे उगाच दोनदा मोजले.
“वर गयथा ना तू? त्या वायरना सांधा पक्का करी टाक.
पानी पडनं ते करंट उतरी.”
आणि मग आणखी हळू,
“घरमा सांगू नको.”

मी घराकडे पाहिलं.
खिडकीत कुणी नव्हतं, पडदा हलत होता.
वारा तर नव्हता.

ऊन उतरल्यावर परत गेलो.
जुना टेप सोलला, तारा घासल्या, पिळल्या,
नवा टेप चार वेढे, वर पाइपचा तुकडा.
भिंतीपलीकडे म्हातारीचा खोकला, मग बाजेची कुरकुर.
बॅटरी आता फार तर अर्धा तास जास्त चालेल,
साडेतीनला दोन्ही घरं
एकाच क्षणी घामाघूम होऊन जागी होतील,
आपापल्या अंथरुणावर.

बिलात लिहिलं: पाणी पाच लिटर, मजुरी.

उतरण्याआधी
दुधाची पिशवी झटकली, पाइपवर चढवली,
आणि चिंधी होती तशी परत बांधली.
तीन गाठी.
माझ्या तितक्या नीट आल्या नाहीत.